उजवीकडची गाडी
ओल्या मांजरपाटाचा वास आला की मला गोदाकाठचा सिनेमाचा तंबू आठवतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुरुष पडद्यासमोर बसायचे, आम्ही बायका पडद्यामागे. आम्हालाही चित्र दिसावं म्हणून मांजरपाटाच्या त्या पडद्यावर पाणी मारायचे. त्या संध्याकाळी शर्यतीच्या मोटारी हाकणाऱ्या दोन हाडवैऱ्यांचा सिनेमा होता. शेवटच्या शर्यतीला दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या, अगदी सारख्या, हाकणाऱ्यांची तोंडं मोठाल्या चष्म्यांनी झाकलेली, आणि नेमके तेव्हाच रीळ बदलायला दिवे लागले. हे शेंगदाण्यांची पुडी द्यायला कनातीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "डावीकडची गाडी माझी. हरलीस तर महिनाभर माहेरचं नाव काढायचं नाही." मी म्हटलं, "मग उजवीकडची माझी. जिंकले तर त्र्यंबकला न्यायचं, आपण दोघंच." माझ्या गाडीवरची नजर मी हलू दिली नाही, आणि तीच जिंकली! बाहेर येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "काहीतरीच! डावीकडची जिंकली, सगळ्या तंबूनं पाहिलंय." वाद घरापर्यंत पोचला. दारात सासरे हसायला लागले, "अरे, ती पडद्यामागे होती. तिचं उजवं ते तुझं डावं. गाडी एकच!" मग आम्ही त्र्यंबकलाही जाऊन आलो, आणि मी महिनाभर माहेरचं नावही काढलं नाही. आता दोघांचे केस पांढरे झालेत, तरी आमचं वाजलं की मी आधी विचारते, "तुम्ही पडद्याच्या कुठल्या बाजूला बसलाय?"