चुन्याचे अठरा दगड

परवा भिंतीसाठी चुना भिजत घातला आणि त्या वासासरशी लोणारच्या विवरात उतरणारी आमची पायवाट आठवली. महाराष्ट्र राज्य नवे होते तेव्हाची गोष्ट. विवरातल्या जंगलाची तोड थांबावी म्हणून गावाने कमिटी केली होती. लाकूड तोडणाऱ्या तेरा घरांनी पाहुण्यांना तळ्यापर्यंत फिरवून आणायचे, त्यावर पोट भरायचे आणि कुऱ्हाड ठेवून द्यायची, असे ठरले होते. श्रमदानाने वाट झाली. दर शंभर पावलांवर एक, असे चुन्याने रंगवलेले अठरा दगड मी स्वतः बसवले. पहिले पाहुणे म्हणून बावीस शिक्षक यायचे होते, त्या सकाळी मी दगड तपासत उतरलो, तर अकरा दगडांच्या आडोशाला घाण होती आणि बाराव्यामागे टमरेल घेऊन खुद्द आमच्या कमिटीचे अध्यक्ष बसलेले. "अहो, आज पाहुणे येऊन राहिले ना!" मी ओरडलो. "हाव, म्हणून तं लवकर आलो," ते बसल्या जागेवरूनच म्हणाले. "वाट मस्त झाली, भाऊ. पयले लय काटे टोचत." मी घाणीवर माती लोटत सुटलो, पण शिक्षक नाकाला रुमाल लावून चौथ्या दगडावरूनच परत फिरले. "तळ्याचाच वास हाये तो," असे अध्यक्षांनी त्यांना समजावले. दुसऱ्या दिवशी तेराही कुऱ्हाडी त्याच वाटेने खाली उतरल्या. परवाचा चुना मी गड्याकडून लावून घेतला. माझा हात त्यात जाईना.