सायखेड्याची संध्याकाळची बस

प्रतिभाताई संख्याशास्त्राच्या बी.एस्सी. पण सायखेड्यात नांदायला आल्यावर त्या शिक्षणाला कुणी विचारलं नाही. म्हणून २००३ साली नाशिकच्या एका सल्लागार कंपनीने प्रवाशांच्या पाहणीचं काम दिलं, तेव्हा त्या हरखल्या. प्रवाशापुढे दोन कार्डं धरायची. एकावर बस : भाडं कमी, वाट पाहणं जास्त. दुसऱ्यावर काळीपिवळी जीप : भाडं जास्त, पण लगेच. माणूस कशावर बोट ठेवतो ते टिपायचं. अशा शेकडो निवडींचं गणित मांडून कुठली बस ठेवावी, हे कंपनी सुचवणार होती.

गावातल्या बायकांनी धडाधड जीपवर बोट ठेवलं. अशाने बसच बंद होईल, हे प्रतिभाताईंच्या लक्षात आलं. त्यांची लेक रूपाली नाशिकच्या कॉलेजातून संध्याकाळच्या बसनेच परत यायची. जीपमध्ये पोरींना परक्या पुरुषांत दाटीवाटीने बसावं लागे.

"लंकामावशी, जीप का? तुमची नातही बसनेच येते ना?"

"बस तर हायच की गं! जीपाच कमी हायेत, त्या मागितल्या."

"आणि बसच गेली तर?"

"आगं बया! मग खोड ते. बस लिही, बस!"

प्रतिभाताई कार्डं घेऊन पुन्हा घरोघर फिरल्या. आता प्रत्येक बोट बसवर. दोन्ही वेळच्या उत्तरांचे गठ्ठे घेऊन त्या नाशिकला गेल्या. कंपनीतले भारत सर कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांना उत्तर शिकवलंत. पहिली निवड गैरसमजाची, दुसरी भीतीची. सायखेडा वगळावं लागेल."

"वगळलं तर बस कशी राहील?"

"गणिताच्या मॉडेलमध्ये गाव नाही, तर मागणीही नाही."

"दुसऱ्या कुणाला पाठवा, सर. मी गावात थांबणारसुद्धा नाही. हात जोडते."

"मुदत संपली, ताई."

दिवाळीनंतर सकाळ-संध्याकाळची बस बंद झाली. पहिल्याच संध्याकाळी रूपाली जीपच्या मागच्या फळीवरून उतरली, दप्तर छातीशी घट्ट धरलेलं. ती थेट मोरीत जाऊन हात घासत राहिली. प्रतिभाताईंचा नवरा, सावळीराम, म्हणाला, "बास झालं कॉलेज."

सकाळी रूपाली तरीही तयार झाली. प्रतिभाताईंनी दारातच तिचा हात धरला. जा म्हणवेना, राहा म्हणवेना. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता.

"आई, सोड ना."

त्यांनी सोडला नाही. तशाच, स्वयंपाकाच्या साडीवर, तिच्यासोबत जीपमध्ये चढल्या.

"रोज येणारेस?" रूपालीने हळूच विचारलं.

"सरक," त्या म्हणाल्या, आणि तिच्या व शेजारच्या माणसाच्या मध्ये बसल्या.