शटडाउनकाकांचं कुलूप

शटडाउनकाका कुठलंही काम हाती घेत, तेव्हा आधी सगळं बंद करत. स्वयंपाकघरातला एक नळ गळायचा, पण पाणी साऱ्या बिल्डिंगचं जायचं आणि गच्चीवरच्या टाकीच्या कॉकला काकांचं स्वतःचं कुलूप लागायचं. कुणी कुरकुरलं की म्हणत, "कुलूप ज्याचं, किल्ली त्याची. मी सांगेन तेव्हाच उघडायचं." बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत देखभालीच्या कामात त्यांचा जन्म गेला होता. आत माणूस काम करत असताना बाहेरून दुसऱ्याने चुकून बटण दाबू नये, म्हणून तिथे हा नियम. काका निवृत्त झाले, नियम काही निवृत्त झाला नाही. बादल्या भरून ठेवायची सवय आम्हाला त्यांच्यामुळेच लागली.

पुढे त्यांनी बडोद्यातल्या मराठी घरांमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जमवायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी स्वतः शिकून वेबसाइट उभी केली. समोर फोन ठेवून "शांतीने बोला ने, घाई कुणाला आहे?" म्हणत. बोलणाऱ्याचा खोकला, मागची कुकरची शिटी, काही कापत नसत. करजणला वऱ्हाडाची बस बंद पडली ती हकिगत सांगताना माझी आई इतकी हसली, की शेवटी म्हणाली, "हे काढून टाका हं." काका म्हणाले, "वहिनी, तेच तर ठेवायचंय." आई गेल्यावर मी साइट उघडून तेवढंच ऐकत बसे. तिचा दुसरा आवाज माझ्याकडे नाही.

साइटच्या ॲडमिनचे हक्क त्यांनी मलाही दिले होते, पण दुरुस्ती काढली की पहिल्यांदा ते काढून घेत आणि साइटवर पाटी लावत: "दुरुस्ती चालू आहे. थोडी कळ काढा." काम संपलं की हक्क परत. मी चिडायची. "काका, मी काय बटण दाबणार आहे?" त्यावर शांतपणे म्हणत, "अरे भाई, असं सगळेच म्हणतात."

अशीच पाटी लावलेली असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं तुटक झालं. पासवर्ड विचारला तर "कसला?" म्हणून माझ्याकडेच बघत राहत. साइट जिच्याकडे ठेवलेली होती त्या कंपनीत त्यांचा जुना, कधीच बंद झालेला फोन नंबर नोंदलेला, त्यामुळे नवा पासवर्डही मिळेना. कंपनीने सांगितलं, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनी व्हिडिओ कॉलवर स्वतः होकार द्यावा.

काकूंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. मी पढवलं, "काका, फक्त हो म्हणायचं." मला हक्क द्यायचे का, असं पलीकडच्या मुलीने अदबीने गुजरातीत विचारलं, "सर, मीनाबेनने अधिकार आपी दइए?"

काका ताठ झाले. इतका स्वच्छ आवाज कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. "ना. काम अर्धुं छे. खोलशो नहीं." आणि मग माझ्याकडे वळून, "अर्धा माल बाहेर आहे, मीना. आत्ता उघडायचं नाही."

मुलीने सॉरी म्हणून कॉल ठेवला. मला त्यांचा इतका राग आला, की काकूंचा चहा तसाच टाकून मी घरी आले. पुढेही विचारून पाहिलं, पुन्हा तेच. आजाराने डोक्यात काहीतरी घेऊन बसलेत, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

काका दिवाळीच्या आधी गेले. मृत्यूचा दाखला पाठवला आणि आठवड्याभरात कंपनीने ॲडमिनचे हक्क माझ्या नावावर केले. एवढी डोकेफोड केली तेव्हा न झालेलं काम त्यांच्या मरणाने किती सहज झालं, याचीच मला लाज वाटली.

साइट उघडली. नावं होती, फोटो होते. आवाज एकही नव्हता. काकांनी सगळे आवाज घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते आणि नव्याने चढवायला जागा व्हावी म्हणून इथले पुसून टाकले होते. चढवायचे राहिले होते.

मी तशीच त्यांच्या घरी धावले. "काकू, काकांचा कॉम्प्युटर?"

"तो होय? दवाखान्यातला पलंग आणला ना, ठेवायला जागाच नव्हती. भंगारवाल्याला देऊन टाकला. केवढा जुना होता तो! का गं, काही होतं त्यात?"

त्या बाईने वर्षभर नवऱ्याची कूस बदलली होती, घास भरवले होते. मी म्हटलं, "छे, काही नाही. साइट मिळाली, तेवढंच सांगायला आले."

काकूंचे डोळे भरून आले. काकांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत का? मिळालं हो सगळं." मग चष्मा पदराने पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या.

"बरं झालं बाई. लाव, तुझ्या आईचं लाव आधी."