गेमला लागलेली कुलपं

आमच्या रेवदंड्यात लोखंडावर मीठ साचतं आणि मंगेशच्या गेमिंग कॅफेत किस्से. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा थर! मी आणि नदीम तिथले पडीक मेंबर. मंगेशचा हट्ट एकच, गेम घ्यायचा तर ओरिजिनल. बाकी सगळं त्या हट्टातूनच घडलं.

*

पहिला गेम डीव्हीडीवर आला. सोबत कॉपी रोखणारं कुलूप-सॉफ्टवेअर फुकट. मंगेश तेव्हा लग्नाच्या सीडीही बनवून द्यायचा. कुलपाला सीडी रायटर दिसला, त्यानं मंगेशला चोर ठरवलं आणि ड्राइव्हच बंद पाडला. आत एकाची सीडी अडकलेली! नवरदेव दारात येऊन ओरडतोय, "आधी माझं लगीन बाहेर काढ!"

*

नदीम म्हणाला, "भाई, ऑनलाइन स्टोअरवरून घेऊ. सीडी नाही, कटकट नाही."

डाउनलोड सुरू झालं ते संपेचना. मंगेशची आई मासळी सुकत घालून येता-जाता स्क्रीनकडे बघायची. शेवटी तिला राहवेना. "काय उतरवतोस रं एवढं? तुजा बापूस अख्खी बोट दुपारपर्यंत रिकामी करतो!"

*

एकदाचा गेम उतरला. उघडला, तर स्टोअरच्या आत गेम कंपनीचं दुसरं अ‍ॅप. त्याला वेगळं अकाउंट, वेगळा पासवर्ड.

नदीम हताश. "वडापाव मागवला, पावात पाव निघाला!"

*

एकदा वाऱ्यानं नेट गेलं. गेम एकट्यानं खेळायचा, तरी इंटरनेटशिवाय उघडेना. कंपनीला म्हणे दर वेळी खात्री करायची असते.

"एकट्यानं खेळायलाही साक्षीदार लागतो?" मी म्हणालो.

"एक न्हाय, तीन साक्षीदार आण," मंगेश म्हणाला. "गेम न्हाय, रजिस्टर लग्न हाय हे!"

*

खाऱ्या हवेनं मदरबोर्ड गंजतो. तो बदलला की कुलूप म्हणतं, हा कॉम्प्युटर नवा, गेम बंद! कस्टमर केअरच्या बाई वैतागल्या. "सर, तुम्ही सारखा कॉम्प्युटर का बदलता?"

"मी न्हाय मॅडम, समुद्र बदलायला लावतो!"

पलीकडे कीबोर्डची टकटक. मग, "त्यांचं आडनाव सांगता का, सर?"

*

आणि तो स्पर्धेचा रविवार! बोर्ली पंचतनहून पोरं येऊन बसलेली. आदल्याच दिवशी बोर्ड बदललेला, म्हणून स्टोअरनं खात्रीसाठी मोबाइलवर कोड पाठवला. अकाउंटला नंबर मंगेशच्या वडिलांचा, आणि ते फोनसकट समुद्रात! तिथे मेसेज कसाबसा पोचायचा, कॉल लागायचा नाही. इकडे पोरं फी परत मागायला लागली.

आम्ही बंदरावर धावलो. मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर मंगेश ओरडला, "बाबा, मोबाइलवर आकडा आलाय, वाचा लवकर!"

बाबांनी खणखणीत आवाजात दोनदा वाचला. समुद्रावरच्या सगळ्या बोटींनी ऐकला. आम्ही पळत येऊन तो टाकला, गेम उघडला, स्पर्धा झाली. मंगेशची अब्रू वाचली.

दुसऱ्या दिवशी कॅफेच्या दारात बोटवाल्यांची ही गर्दी! पुढच्यानं पापलेटांची जोडी काउंटरवर ठेवली आणि हळूच विचारलं, "मंगेश, तुजा आकडा मटक्याला लागला रं! आता उद्याचा कदी येतो?"