ऊर्फ तितीन

आमच्या बेटावरच्या लाबोरी गावात माणसाचं खरं नाव दोनदाच कानावर पडतं. एकदा बाप्तिस्म्याला, आणि मग मेल्यावर, दुपारी बाराला रेडिओवर: अमुक तमुक, ऊर्फ ढमकी, राहणार लाबोरी. मधली सत्तर वर्षं नुसत्या ऊर्फवर निघतात. त्यातूनच तितीनची फजिती झाली.

तितीन माझी शेजारीण. बहीण गेली तेव्हा तिची लिझान चार वर्षांची होती. हिनेच हिरवी केळी नि खारा मासा भरवून तिला मोठी केली. लिझान आता टोरांटोत राहून पुस्तकं लिहिते. दर रविवारी फोन असतोच. "मावशी, वादळात छप्पर उडालं तेव्हा तू काय म्हणालीस गं?"

"म्हणाले कसली, सणसणीत शिवी दिली. लिही तशीच!"

नवं पुस्तक लिझानने मावशीला अर्पण केलं, हे तितीनने गावभर सांगून झालं होतं. मग प्रत आली. माझ्या भट्टीपाशी पावाला रांग लागलेली, तिथेच गॅस्पार मास्तरांनी चष्मा चढवून मोठ्यांदा वाचलं, "युफ्रेजिया माथुरिन हिला." वर बघून म्हणाले, "ही कोण बया?"

"मीच की!"

"तू युफ्रेजिया? मग मी पोप!"

सगळी रांग खो खो हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. चाळीस वर्षं शेजारी राहते, पण मला तरी तिचं नाव कुठे ठाऊक होतं? आणि माथुरिन तर अर्धं गाव आहे.

तितीन पाव न घेताच घरी गेली. संध्याकाळी मी म्हटलं, "अगं, ओळखपत्र दाखव आणि तोंडं बंद कर त्यांची."

"माझी पोर माझी आहे, हे सरकारी कार्ड सांगणार? मर मेले!" डोळे मात्र भरले होते. "लिझान म्हणते, पुस्तक म्हणजे कागद, म्हणून कागदावरचं नाव घातलं. शिकून शहाणी झाली ती!"

दोन आठवडे बाई चर्चलासुद्धा फिरकली नाही. मला फार लागलं ते.

मग एके दुपारी मी भट्टीतून पाव काढत होते. रेडिओवर मृतांची नावं वाचून होत आली होती, माझं अर्धंच लक्ष होतं. आणि एकदम ऐकलं: "युफ्रेजिया माथुरिन, ऊर्फ तितीन, राहणार लाबोरी."

बोलणारी कोण, पुढे काय म्हणाली, कशाचं भान! पाव तिथेच टाकून मी रडत धावले. गल्लीतून सगळेच धावत होते. मास्तरही, पायात चप्पल नाही.

तितीन पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मांडीवर रेडिओ.

"शू! पोरगी बोलतेय माझी. मुलाखत आहे तिची."

रेडिओत लिझानच होती, मघाशी ते नाव घेणारीही तीच. सांगत होती, "...त्याच मावशीला हे पुस्तक दिलंय."

मी तितीनच्या गळ्यात पडले नि पाठीत धपाटाही घातला. मास्तरांनी टोपी काढली. "युफ्रेजिया माथुरिन," पुटपुटले बिचारे, "चुकलं माझं."

तितीनने रेडिओ बंद केला.

"परत म्हणा, मास्तर. मोठ्यांदा. पुढच्या वेळी म्हणाल तेव्हा मला ऐकू येणार नाही."