बोक्याची सुई, माझा हात

पहिल्याच दिवशी बोक्याने माझा हात अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाडला आणि मी त्याला मानगुटीला धरून दिवाणाखाली भिरकावलं. सुई फरशीवर, औषध साडीवर आणि रक्त सगळीकडे. "मर मग!" मी ओरडले. "साखर होऊन मर!" पाच मिनिटांनी मीच झाडू घेऊन दिवाणाखाली वाकले होते आणि त्याला बाहेर ओढत होते, कारण तो मरायला नको होता.

मी धुळ्यात राहते. एका शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केली, आता घरीच असते. मूलबाळ नाही. तेव्हा यजमानांना जाऊन वर्ष झालं होतं. बोका त्यांचा. पिल्लू होता तेव्हा त्यांनीच खिशात घालून आणला होता, कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवला होता, आणि दहा वर्षं तो त्यांच्या पोटावर झोपला. माझ्याकडे तो ढुंकून बघायचा नाही. मीही त्याला कधी हाक मारली नव्हती. हे गेल्यावर तोही निघून जाईल असं मी धरून चालले होते, पण तो गेला नाही. ह्यांच्या खुर्चीवर चढून बसला आणि मी जवळ गेले की फिस्कारायचा. दोघं एका घरात राहत होतो एवढंच. तरी एक सांगते, तो मेला असता तर त्या घरात मी आणि मीच उरले असते. मला माझ्याबरोबर एकटीला राहायचं नव्हतं.

साखर मला मुंग्यांनी कळवली. बोका गच्चीवरच्या वाळूत मुतायचा, तिथे सकाळी मुंग्यांची रांग लागलेली दिसली. आधीच तो बादलीतलं पाणी लपालप पीत होता, दुप्पट खात होता आणि तरी बरगड्या दिसत होत्या. मागचे पाय टेकवून, खुरडत चालायला लागला होता. ह्यांच्या बाबतीतही मोरीत अशाच मुंग्या झाल्या होत्या, त्यामुळे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना म्हशी-बकऱ्यांतून सवड नव्हती. "मांजराला डायबेटीस? आता एवढंच राहिलं होतं," ते हसले. मला इतका राग आला की त्यांच्या टेबलावरची वही मी हाताने उडवली. मग कुणीतरी सांगितलं, जळगावला एक तरुण डॉक्टर आहेत, कुत्री-मांजरीच बघतात. बोक्याला झाकणाच्या टोपलीत कोंबलं, वरून सुतळी बांधली आणि एसटीत बसले. पारोळ्यापर्यंत तो असा किंचाळत होता की कंडक्टरने दोनदा विचारलं, "मावशी, आत नक्की काय आहे?"

डॉक्टर तिशीतले, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांनी औषधाची बाटली फ्रीजमधून काढली आणि बराच वेळ दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवत बसले. मी म्हटलं, "उशीर होतोय, बस चुकेल."

"थंडगार टोचलं तर झोंबतं, काकू," ते म्हणाले. "जरा कोमट होऊ द्यायचं. आणि रोज एकाच जागी टोचायचं नाही. गाठी होतात."

ह्यांना अकरा वर्षं मीच इन्सुलिन दिलं होतं. फ्रीज उघडायचा, बाटली काढायची, भरायची, शर्ट वर करायचा, टोचायचं. डाव्या बाजूला, बेंबीपासून चार बोटं, कारण तिथे माझा हात बसला होता. तिथे गाठी झाल्या होत्या, लिंबाएवढ्या. सुई आत जायची नाही, मग मी जोर लावायचे. हे डोळे मिटून घ्यायचे. मला ते नाटक वाटायचं.

आता लिहायलाच बसले आहे तर सरळ लिहिते. मी ह्यांना मारायचे. बायकोने नवऱ्याला मारलं असं आमच्याकडे कुणी बोलत नाही, बोललं तर लोक हसतात, म्हणून ते कुणाला कळत नाही. माझं डोकं फिरलं की हात उठायचा. लाटणं, चप्पल, पाण्याचा तांब्या, हाताला येईल ते. अहो म्हणायचे आणि मारायचे. हे रावेरकडचे, घरची केळी. भावाची गाडी धुळ्याला आली की घडच्या घड घरात येऊन पडायचे. साखर झाल्यावर मी ते गल्लीत वाटून टाकायचे, पण हे एखादी फणी लपवायचे, पाण्याच्या टाकीमागे, स्कूटरच्या डिकीत. साल सापडली की मी तळपायापासून पेटायचे. एकदा कानाखाली मारली तेव्हा त्यांच्या तोंडात केळं होतं. त्यांनी ते तसंच गिळलं आणि म्हणाले, "संपलं. आता नाही खाणार." नंतर मी सुई टोचली, त्या रागातच, आणि ती कशी टोचली हे माझ्या हाताला अजून आठवतं.

बोका मात्र ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दिवसातून दोन लढाया. गोणपाटात गुंडाळला तर गोणपाट फाडून बाहेर आला. कमरेखाली दाबून धरला तर माझ्या पोटरीत दात रुतवले. मी त्याच्या पाठीत बुक्की घातली, त्याने माझ्या कोपराचं कातडं सोललं. शेजारच्या अक्का शिंदखेड्याकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. आरडाओरडा ऐकून त्या दारात आल्या. माझ्या हातात टॉवेल, टॉवेलमध्ये बोका, आणि मी त्याला फरशीवर दाबत होते.

"माय व! मारी टाकशी का त्याले?"

"औषध देतेय, अक्का. जगवतेय."

"जनावर शे ते. आधी हात नरम कर." त्या खाली बसल्या, बोक्याच्या डोक्यावर पदर टाकला आणि मान खाजवत राहिल्या. त्याचा गुरगुराट कमी झाला. मी कातडीची चिमूट धरून सुई घातली, ती गेली. अक्का उठता उठता सहज बोलून गेल्या, "भितडं एकच शे आपलं. तुना आवाज रोज ये. भाऊना कधीच ऊना नही."

भाऊ म्हणजे हे; भिंतीपलीकडून त्यांना ह्यांचा आवाज कधीच आला नव्हता. मी त्यांना चहा विचारला नाही. दार लावून घेतलं आणि अर्धा तास नुसती चडफडत होते.

रक्त काढणं त्याहून वाईट. मांजराच्या कानाच्या कडेला बारीक शीर असते, तिथे टोचून थेंब काढायचा आणि ह्यांच्या साखर मोजायच्या यंत्राच्या पट्टीला लावायचा. आधी कान गरम कपड्याने शेकायचा, मागे कापूस धरायचा. मी कापूस घेतला नाही, घाईत. सुई कानातून आरपार माझ्या बोटात गेली, बोक्याने झटका दिला आणि पट्टीवर जो थेंब आला त्याचा आकडा एकशे दहा. आदल्या दिवशी चारशे होते. मी आनंदाने जळगावला फोन लावला, "डॉक्टर, उतरली!" ते म्हणाले, "काकू, एका दिवसात इतकी? नीट बघा." नीट बघितलं तर बोक्याचा कान कोरडा होता आणि माझ्या बोटातून रक्त ठिबकत होतं. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी हसले. बोका कपाटावरून बघत होता.

महिनाभरात जमायला लागलं. आकडे उतरले, तो ताठ चालायला लागला. मग डॉक्टरांनी दिलेल्या सुया संपल्या. त्या केशरी टोपणाच्या होत्या. कपाटात ह्यांच्या सुयांचं खोकं होतं, लाल टोपणाच्या, साठएक तरी असतील. माणूस गेला की आपण त्याचे कपडे देऊन टाकतो, अंथरूण देऊन टाकतो, पण न फोडलेलं औषध कुणाच्याने टाकवत नाही. मलाही टाकवलं नव्हतं. अकरा वर्षं मी लाल टोपणाचीच सुई हाताळली होती, ती मला डोळे झाकून भरता यायची. सुई ती सुई, म्हटलं, वाया का घालवा. दोनच्या रेघेपर्यंत भरलं, रोजच्यासारखं.

ह्यांचं औषध पातळ होतं आणि लाल टोपणाच्या सुईवरच्या रेघा त्या औषधासाठी आखलेल्या. बोक्याच्या बाटलीतलं औषध अडीचपट कडक. त्याच दोनच्या रेघेवर बोक्याच्या अंगात दोनऐवजी पाच युनिट गेले. हे मला नंतर कळलं.

त्याच सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास मी गहू निवडत बसले होते. बोका आला, झोकांड्या खात, आणि थेट ताटातल्या गव्हात मुतला. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी हात उचलला आणि त्याच्या तोंडावर मारली. पूर्ण ताकदीने. तो आडवा पडला आणि उठलाच नाही. पाय ताठ झाले, मान मागे गेली, तोंडातून फेस आला आणि सगळं अंग फरशीवर फडफडायला लागलं.

ते मी पाहिलेलं होतं. एका सकाळी ह्यांच्या हातून चहाचा कप सुटला होता. घामाने चिंब, बरळत होते, माझं नावही धड येत नव्हतं. नव्या संचातला कप. मी थोबाडीत दिली आणि म्हणाले, "अहो, पुरे झाली नाटकं." ते खुर्चीतून खाली घसरले तेव्हा कुठे मला कळलं की साखर उतरलीय.

मी किंचाळले. अक्का धावत आल्या. फोनवर डॉक्टर सांगत होते, "साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागेल. चोळत राहा." अक्कांनी वाटीत साखर कालवली, मी बोट बुडवून त्याच्या गालाच्या आत घातलं. त्याचा जबडा मिटला. दात बोटात गेले, पार हाडापर्यंत.

"बोट काढ व माय, तोडी टाकी तो!"

मी काढलं नाही. दुसऱ्या हाताने साखर लावत राहिले. रक्त आणि साखर मिळून सगळं चिकट झालं होतं. मी ओरडत होते, "उठ ना! चाव! चाव मला!" आणि तो चावत होता, पण त्याला ते कळत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. हळूहळू अंग सैल झालं, जबडा सुटला. डोळे उघडले, एक डोळा. दुसरा सुजून मिटलेला होता, जिथे माझा हात बसला होता तिथे. अक्कांनी भाकर दुधात कुस्करून ठेवली. तो ती पडल्या पडल्या चाटायला लागला.

दुपारी गाडी करून त्याला जळगावला नेलं. सुईचा घोळ डॉक्टरांनी टोपण बघूनच ओळखला. रागावले नाहीत. त्यांनी टेबलावर दोन्ही सुया शेजारी शेजारी ठेवल्या, रेघा दाखवल्या, म्हणाले, "पुष्कळ जणांचं होतं असं, काकू. वेळेवर साखर दिलीत म्हणून वाचला." माझ्या बोटाला पट्टी बांधली. मग बोक्याचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"हा डोळा कसा सुजला?"

"पडला," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मला ह्यांचा आवाज ऐकू आला. एकदा धुळ्याच्या दवाखान्यात, ओठ फाटलेला, तिथल्या डॉक्टरांनी विचारल्यावर हे म्हणाले होते, "मोरीत पडलो." मी मागेच उभी होते, त्यांची पिशवी धरून. डॉक्टरांनी टाका घातला, मलम लिहून दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा लक्ष ठेवा ह्यांच्यावर, वहिनी." मी मान हलवली होती.

"पडला नाही," मी म्हणाले. "मी मारलं."

डॉक्टर डोळ्याला लावायचा कापूस हातात धरून थांबले. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बोक्याकडे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण 'काकू' म्हणायचं ते या वेळी विसरले.

"मग हा तुमच्याकडे परत देऊ की नको?"

ह्यांना सगळे माझ्या स्वाधीन करून घरी जायचे. डॉक्टर जायचे, ह्यांचे भाऊ जायचे, माझी आईसुद्धा जायची. हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. पडला असता तर मी काय म्हणाले असते, मला माहीत नाही.

"द्या," मी म्हणाले. "पण चार दिवस इथेच ठेवा. मी रोज येईन. तुमच्यासमोर टोचेन. तुम्ही माझ्या हाताकडे बघत राहा."