समद्यांचीच नावं लिवा

हळद शिजायचा वास आला की शेजारीण आठवते. बेचाळीसच्या चळवळीत तिचा नवरा भूमिगत झाला होता. त्याचा ठावठिकाणा ती सांगेना, म्हणून पोलिसांनी तिचा उजवा हात मोडला, घर पेटवलं, आणि तिला आसरा देणाऱ्याला धरून नेऊ म्हणून गावात दवंडी पिटली. मी तेव्हा नवी सून होते. माझ्या सासूबाईंनी भरदुपारी तिला आमच्या सोप्यात आणून हाताला गरम हळद बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या बायका डोक्यावर उसाच्या पाचटाचे भारे घेऊन मुद्दाम फौजदार बसला होता त्या चावडीवरून आल्या आणि तिचं छप्पर शाकारू लागल्या. फौजदार वही घेऊन धावला. “कुणी सांगितलं हे? नाव बोला!” सासूबाई म्हणाल्या, “समद्यांचीच लिवून घ्या, सायेब. माजं पैलं लिवा.” तो लिहू लागला, पण बायका येतच राहिल्या. तेवढ्यात शेजारीण उठली, डाव्या हातानं पाचटाची पेंढी उचलून शिडीवरच्या माझ्याकडे दिली आणि त्याला म्हणाली, “माजंबी लिवा की.” त्यानं वही मिटली. तिचा हात पुढं वाकडाच राहिला, पण घर उभं राहिलं. शिडी सोडून घरात पळून जावं असं मला सारखं वाटत होतं, हे मी आज पहिल्यांदाच सांगतेय. खाली मात्र उतरले नाही.